लांडग्याचे सत्तावीस प्राण

पंडिताची ताकद सात होती. सात म्हणजे किती, तर पाण्याची भरलेली बादली घेऊन जिना चढायचा झाला तर मध्ये दोनदा टेकावं लागेल, इतकी. साधारण माणसाची दहा धरतात. तीन फासे टाकायचे, बेरीज करायची आणि जे येईल ते निमूट मांडून घ्यायचं, असा त्या टेबलावरचा कायदा होता. बारक्याने ताकदीसाठी फासे टाकले तेव्हा दोन, एक आणि चार पडले.

"पुन्हा टाक," चष्मेवाला म्हणाला होता. "कुणी काही म्हणणार नाही."

"राहू दे, दादा. माझ्याच मापाचं आलंय."

आता चष्मेवाला कोण, बारक्या कोण आणि पंडित कोण, हे आधी सांगून टाकलेलं बरं. चष्मेवाला थोरला भाऊ. चौकातलं चष्म्याचं दुकान वडिलांमागे त्याच्याकडे आलं. बारक्या धाकटा. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन असतं, ते तो चालवायचा. त्याला नाव चांगलं भारदस्त ठेवलेलं होतं. पण सातव्या महिन्यात जन्मलेलं आणि दम्याने धापा टाकणारं ते पोर बघून कुणीतरी बारक्या म्हणालं, आणि कानावरचे केस पिकायला लागले तरी तो बारक्याच राहिला. आणि पंडित म्हणजे खेळातला बारक्या.

खेळ असा. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, मागच्या खोलीत मशीनवर फडकं टाकायचं, टेबल मध्ये घ्यायचं आणि चौघांनी बसायचं. चष्मेवाला सूत्रधार. जंगल, घाट, दरोडेखोर, भुतं, सगळं तो सांगणार. बाकी तिघांचं एकेक पात्र; आपलं पात्र काय करतं ते त्यांनी सांगायचं आणि ते जमलं की फसलं ते फासे ठरवणार. चष्मेवाल्याची बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शिरा शोधायची. तिला बारक्या वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारचा केमिस्टही वहिनीच म्हणायला लागला, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. तिचं पात्र एक चोरटी होतं. केमिस्टचं पात्र होतं चिलखत घालून फिरणारा एक योद्धा, आणि केमिस्ट स्वतः नियमांचा किडा होता. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर वाचायची त्याला सवय. खेळातही तो एकेका वाक्याचा कीस पाडायचा.

प्रत्येक पात्राला सहा गुण: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, विवेक आणि छाप. शिवाय प्राण. मार बसला की प्राण कमी होणार, आणि शून्याच्या खाली गेले की पात्र मेलं. प्राण किती, ते चिवटपणावर ठरायचं. पंडिताची बुद्धी सतरा होती, पण चिवटपणा नऊ. म्हणजे डोकं सोन्याचं आणि देह फुंकरीने उडेल असा. दरोडेखोर आले की पंडित बैलगाडीखाली जायचा आणि तिथून बाकीच्यांना सल्ले द्यायचा. बारक्या ते इतकं झकास करायचा की वहिनीला हसून हसून ठसका लागायचा.

मग एकदा जंगलात पंडिताला लांडगा चावला.

चष्मेवाल्याला नुसती भीती घालायची होती. पण बारक्याचे फासे पडले ते पडले, चावा आत गेला, आणि हा लांडगा निघाला माणसाचा लांडगा होणाऱ्या जातीचा; तो चावला की त्याच्यासारखं होणं आलं. सूत्रधाराकडे राक्षसांचं एक जाडजूड पुस्तक असतं. खेळाडूंनी त्याला हात लावायचा नाही, हा आणखी एक कायदा. त्यात अशा रूप बदलणाऱ्यांसाठी साचे दिलेले असतात. माणूस आहे तोच ठेवायचा आणि त्याच्यावर लांडग्याचा साचा चढवायचा. बुद्धीला धक्का नाही; देहाच्या गुणांत मात्र भर. चष्मेवाल्याने बोट ठेवून वाचलं. ताकदीत चौदा. चपळाईत चार. चिवटपणात सहा.

"सात आणि चौदा," तो म्हणाला. "बारक्या, तुझी ताकद एकवीस झाली."

बारक्या खुर्चीत सरळ झाला. चष्मेवाल्याने आयुष्यात त्याला काय कमी दिलं होतं? शाळेत त्याचं दप्तर वाहिलं, त्याच्या वाट्याच्या मारामाऱ्या केल्या, परीक्षेत तो तिसऱ्यांदा आपटला तेव्हा त्याला दुकानात घेतलं, मशीन शिकवलं, घरात खोली दिली. पण यातल्या कशानेही बारक्या असा सरळ बसल्याचं त्याला आठवेना.

चूक तिथेच झाली. पुढचं पान त्याने उलटलंच नाही. ते त्याने नंतर त्या आठवड्यात वाचलं, दुकानात गिऱ्हाईक नसताना. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की ही भर फक्त लांडग्याच्या रूपात. माणूस झाला की साचा उतरतो आणि गुण जिथल्या तिथे येतात. ताकद पुन्हा सात, चिवटपणा पुन्हा नऊ. मागे उरते ती विवेकात दोन गुणांची भर. चावा बसल्यावर माणूस जेवढा शहाणा होतो तेवढीच.

रविवारी सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. पण रविवारी खेळ सुरू होताच बारक्याने पंडिताला माणसाच्या रूपात उभं केलं आणि म्हणाला, "पंडित योद्ध्याला चिलखतासकट खांद्यावर टाकतो आणि नदी पार करतो." केमिस्ट ओरडला की माझी काही इभ्रत आहे की नाही. वहिनीने टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्याने पुस्तक मिटलं आणि मूग गिळले. त्या दिवसापासून पंडित माणसाच्या कातडीत लांडग्याचे गुण घेऊन हिंडायला लागला, आणि सूत्रधार सोडून कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आणि खरं सांगायचं तर चष्मेवाल्याला ते आवडलं. आपण देतो आहोत आणि घेणाऱ्याला कळतसुद्धा नाही, यासारखी गोडी दुसऱ्या कशात नाही. वर्षांमागून वर्षं गेली. पंडित पायऱ्या चढत गेला, खेळात अनुभव वाढला की पात्राची पायरी वाढते तशी. नवव्या पायरीला पोचला, तरी चष्मेवाला दर रविवारी मनातल्या मनात त्याला ती भीक घालत होता. भीक हा शब्द त्याचा नाही. तो त्याला माया म्हणायचा.

दुकानातही त्याची हीच तऱ्हा. बारक्या काच घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा, आणि मग तो चष्मा चष्मेवाल्याच्या हाती यायचा. तो नंबर तपासायच्या यंत्राखाली काच धरायचा, नंबराचा कोन, म्हणजे ॲक्सिस, बघायचा, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "मी तपासल्याशिवाय याचा एक चष्मा बाहेर जात नाही." हे तो बारक्यासमोर म्हणायचा. बारक्या हातातलं फडकं पुढच्या काचेवर फिरवत राहायचा.

वहिनीने एकदा विचारलं होतं. "आजवर किती सापडले हो चुकीचे?"

"प्रश्न चुका सापडायचा नाहीये."

"मग कशाचा आहे?"

चष्मेवाला तेव्हा खाली वाकून पडलेला स्क्रू शोधायला लागला. स्क्रू पडलाच नव्हता, हे वहिनीला दिसत होतं. पण नवऱ्याशी कुठे थांबायचं ते तिला कळत होतं, आणि तिचं तेच चुकायचं.

मग ते नोकरीचं निघालं. दूरच्या शहरात, बसने पुरा दिवस लागतो तिथे, काचांचा मोठा कारखाना होता. त्यांना घासकामाच्या विभागावर माणूस हवा होता. बारक्याने परस्पर अर्ज केला, दाढ काढायला जातो असं सांगून गावातल्याच केंद्रावर त्यांची परीक्षा देऊन आला, आणि त्यांनी त्याला पसंत केलं. सकाळी दुकान झाडून झाल्यावर त्याने भावाला चहा दिला आणि सांगितलं.

चष्मेवाल्याने कप खाली ठेवला. "आणि दाढ?"

"दाढ ठीक आहे, दादा."

"तिथे धूळ किती असते ठाऊक आहे? तुझा दमा?"

"दमा तीन वर्षांत उठला नाही माझा."

हे चष्मेवाल्याच्या गावीही नव्हतं. तो अजून बारक्याच्या फवाऱ्याचा एक डबा गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून होता आणि मुदत संपली की केमिस्टकडून नवा आणत होता. केमिस्ट मुकाट्याने देत होता. म्हणजे केमिस्टलाही माहीत होतं, असा त्याचा अर्थ.

"सोमवारी कळवायचंय त्यांना," बारक्या म्हणाला. "हो की नाही. मी अजून सांगितलं नाही. तुला काय वाटतं?"

आता इथे चार शब्द नीट बोलायला काय झालं होतं? जाऊ नकोस, मला करमणार नाही, एवढंच म्हणायचं. किंवा जा, चांगलं आहे, असं. पण आयुष्यभर ज्याने धाकट्याला फक्त दिलं, त्याला धाकट्याकडे काही मागायचं म्हणजे जीभच रेटेना. तो म्हणाला, "मला काय वाटायचंय? तुला शिंगं फुटली आहेत. तू बघ तुझं."

"मी विचारतोय म्हणून विचारतोय, दादा."

"आणि मी सांगतोय म्हणून सांगतोय. गिऱ्हाईक आलंय, बघ."

घरी गेल्यावर वहिनीपुढे मात्र त्याचं तोंड सुटलं. गरज सरो वैद्य मरो. मशीन शिकवलं कुणी? परीक्षेत आपटला तेव्हा दारात उभं कुणी केलं? माझ्याशिवाय तो आठ दिवस टिकायचा नाही, लिहून घे.

"मग जाऊ दे ना," वहिनी कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "नवव्या दिवशी येईल परत."

"आणि नाही आला तर?"

"तर टिकला म्हणायचं."

तो तिच्यावर चिडला. कारण त्याला भीती याचीच होती. बारक्या तिथे जाऊन पडला, आजारी पडला, रडत परत आला, तर ते त्याला चाललं असतं. सांभाळून घेतलं असतं त्याने, पुन्हा आनंदाने घेतलं असतं. बारक्या तिथे सुखाने राहिला तर काय करायचं?

रविवार आला. टेबल मध्ये आलं. बारक्या म्हणाला, "आज पंडिताला त्याच्या घरी पोचवून टाकू. पुढचे रविवार कसे जातील माहीत नाही."

पंडित चावा बसल्यापासून गावाबाहेर होता. लांडगा झालेल्याला गावात कोण घेणार? गावाच्या वेशीवर दरवाजा होता, दरवाजावर तिरंदाज पहारेकरी, आणि चार पायांवर येणाऱ्याला तो वाट देणार नव्हता. हे सगळं चष्मेवाल्यानेच कधीकाळी रचलेलं. तिथवर पोचायचं तर आधी पूल, आणि पुलावर दरोडेखोर. दोन तास तुंबळ लढाई झाली. चष्मेवाला त्या दिवशी दरोडेखोरांच्या बाजूने जरा जास्तच मनापासून फासे टाकत होता. पंडित लांडगा होऊन पुढे राहिला आणि बाकीच्यांवरचे घाव अंगावर घेतले. शेवटचा दरोडेखोर नदीत पडला तेव्हा पंडिताचे प्राण वीस उरले होते आणि केमिस्टच्या योद्ध्याचे तीन.

चोरटीकडे औषधाची एक कुपी होती. "कुणाला देऊ?" वहिनीने विचारलं.

"केमिस्टला दे," बारक्या म्हणाला. "माझे वीस आहेत."

केमिस्टने नाही म्हणायचं सोंगही केलं नाही. घेतली आणि प्याला. मग ते वेशीपाशी आले. संध्याकाळचा वारा, भिंतीवर मशाल, वगैरे चष्मेवाल्याने सांगितलं. सांगायला तो चांगला होता. वरून पहारेकरी विचारतो, कोण आहे. पहारेकऱ्याचा आवाज त्याने जरा खरखरीत काढला.

"पंडित झाडाआड जातो आणि माणूस होतो," बारक्या म्हणाला. मग मान वर करून त्याने भावाकडे पाहिलं. "होऊ ना, दादा?"

इतक्या वर्षांत पंडित शंभरदा लांडगा झाला असेल आणि शंभरदा माणूस. बारक्याने परवानगी कधी मागितली नव्हती. चष्मेवाल्याच्या डोक्यात मात्र हिशोब आपोआप उभा राहिला, दुकानात काच बघताच नंबर कळावा तसा. साचा उतरला तर चिवटपणाचे सहा गुण जाणार. सहा गुण म्हणजे दर पायरीमागे तीन प्राण. पायऱ्या नऊ. ते प्राण पंडिताचे कधी नव्हतेच, लांडग्याचे होते.

रागाच्या भरात तोंडून निघून गेलं, असं नंतर तो वहिनीला म्हणाला. तसं झालं नाही. त्याला पुरेसा वेळ होता. वहिनी बिस्किटांचा पुडा फोडत होती, केमिस्ट चष्मा पुसत होता, आणि चष्मेवाला बारक्याच्या तोंडाकडे बघत विचार करत होता की कळू दे एकदा. माझ्याशिवाय तू किती आहेस, ते तुझं तुला कळू दे. मग सोमवारी काय सांगायचं ते सांग त्यांना.

"हो," तो म्हणाला. "पंडित माणूस होतो. साचा उतरतो. ताकद सात. चिवटपणा नऊ."

"सात?" केमिस्ट म्हणाला. "सात कसे? एकवीस आहेत त्याचे."

"लांडगा असताना एकवीस. सहा गुण उतरले, म्हणजे पायरीमागे तीन प्राण उतरले. नऊ त्रिक सत्तावीस. उरले होते किती?"

वहिनीने सांगितलं. "वीस."

"विसातून सत्तावीस जात नाहीत."

मग वहिनी म्हणाली, "म्हणजे मेला?"

"दारातच."

"अरे, काय लावलंयस?" केमिस्ट उसळला. "इतकी वर्षं तो माणूस होत आला, कधी एक प्राण गेला नाही त्याचा. माझ्या देखत त्याने मला नदीतून नेलंय खांद्यावरून."

"चूक होत होती. आज सुधारली." चष्मेवाल्याने राक्षसांचं पुस्तक उघडून टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलं, हे त्याने कधी केलं नव्हतं. केमिस्टने वाकून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बारीक अक्षराशी इमान राखणाऱ्या त्या माणसाचं तोंड उतरलं. "लिहिलंय खरं," तो म्हणाला.

वहिनी पुस्तकाकडे बघतच नव्हती. "अहो, तुम्हाला हे आज कळलं का?"

चष्मेवाला फासे गोळा करू लागला.

"मी विचारतेय तुम्हाला."

"चावला त्याच आठवड्यात कळलं."

"मलाही," बारक्या म्हणाला.

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. तो रागावलेला दिसत नव्हता, तेच वाईट होतं. "दुपारी तू बँकेत गेलास की पुस्तक इथेच असायचं, मशीनशेजारी. चावला त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचलं मी."

"मग बोलला का नाहीस?" चष्मेवाल्याचा आवाज चढला. "इतकी वर्षं?"

"तू किती खुशीत होतास, दादा. म्हटलं असू दे एकवीस. माझं काय जातंय."

चष्मेवाल्याला कानाखाली बसल्यासारखं झालं. म्हणजे इतकी वर्षं तो देत होता आणि बारक्या नकळत घेत होता, असं काही नव्हतंच. बारक्या जाणूनबुजून घेत होता, भावाला द्यायला बरं वाटतं म्हणून. आणि मग एकट्या पंडिताचंच कशाला? ते काचा तपासणं, तो फवाऱ्याचा डबा, गिऱ्हाइकासमोरचं ते वाक्य, ज्याच्यावर बारक्याने कधी ब्र काढला नाही. कोण कुणाला सांभाळत होतं, हे त्याला एकदम नको इतकं स्पष्ट दिसलं, आणि दिसलं म्हणून तो जास्तच भडकला.

"माहीत होतं तर आज माणूस कशाला झालास? वहिनीचं औषध घ्यायचं होतंस. लांडगाच राहायचं होतंस. बुद्धी सतरा आहे ना तुझी?"

"विसातून सत्तावीस मलाही वजा करता येतात."

"मग?"

"बघायचं होतं," बारक्या म्हणाला. "तू घरी जाऊ देतोस का."

केमिस्टला अचानक आठवलं की दुकानात फ्रिज नीट लावला होता की नाही ते बघायला हवं. वहिनीने कप उचलले आणि धुवायला नेले. नळ बराच वेळ चालू होता. बारक्याने आपले फासे डबीत टाकले, मशीनवरचं फडकं काढून घडी घातली आणि सोमवारी सकाळी नऊला कारखान्याला फोन करून हो सांगितलं.

जाईपर्यंत दोघं भाऊ रीतसर बोलत होते. दुधाचं बोलत होते, नव्या फ्रेमांच्या खोक्याचं बोलत होते, मशीनचा पट्टा कुणाकडून बदलून घ्यायचा ते बोलत होते. मशीनवर ठेवायला चष्मेवाल्याने एक पोरगी शोधली. बारक्याने तिला सगळं शिकवलं आणि शेवटी म्हणाला, "दादा तपासतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नको." चष्मेवाल्याने ते ऐकलं. वहिनी मध्ये एकदा म्हणाली की जाऊन त्याला सांगा ना, चुकलं म्हणून. दोन शब्दांचं काम आहे. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. चष्मेवाल्याने त्याऐवजी दुसरं काहीतरी योजून ठेवलं होतं, आणि ते योजल्यापासून त्याला जरा हलकं वाटत होतं.

बसस्टँडवर त्याने ते काढलं. बारक्याने बॅग स्वतःच वर टाकली होती; चष्मेवाल्याचा हात सवयीने पुढे गेला आणि तसाच परत आला. वहिनी पाण्याची बाटली आणायला गेली होती.

"मी विचार केला," चष्मेवाला म्हणाला. "त्या वेशीपाशी एक वैद्य होता, असं धरू. म्हातारा वैद्य, पंडिताला लहानपणापासून ओळखणारा. तो धावत आला. पंडित वाचला."

बारक्या ऐकत होता.

"आणि ताकद एकवीसच ठेवू. दोन्ही रूपांत. चिवटपणाही. पुस्तकात काही का लिहिलेलं असेना, सूत्रधार मी आहे, मी म्हणेन तो नियम. केमिस्टचं मी बघून घेतो. तू सुट्टीला आलास की पुढे खेळू. काय?"

आपण भावाला किती देऊ शकतो, या आनंदाने त्याचा चेहरा उजळला होता. ते बघून बारक्याला बोलणं जड गेलं असावं. त्याने बुटाकडे पाहिलं, बसकडे पाहिलं.

"नको, दादा."

"अरे, खेळ आहे."

"हो ना. म्हणूनच नको." मग तो हळू म्हणाला, "सात म्हणजे सात, नऊ म्हणजे नऊ. इतक्या वर्षांत एकदाच तू मला माझ्या खऱ्या गुणांवर सोडलंस. रागाने का होईना. तेवढं राहू दे माझं."

"पण मेला ना तो."

"मरू दे."

चष्मेवाल्याला खूप बोलायचं होतं. चुकलं माझं, हे बोलायचं होतं. जाऊ नकोस, हेही त्या वेळी म्हणता आलं असतं. बस अजून सुरू झाली नव्हती, ड्रायव्हर खाली उभा राहून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. "पोचलास की फोन कर," चष्मेवाला म्हणाला.

"करतो."

वहिनी आली. बारक्या तिच्या पाया पडायला वाकला, तिने त्याला अर्ध्यात उचलून जवळ घेतलं आणि त्याच्या शर्टाची कॉलर उगाच सारखी केली. चष्मेवाल्याच्या पाया पडायला तो वळला तेव्हा चष्मेवाला म्हणाला, "असू दे, असू दे, बस सुटेल." ते तो घाईने म्हणाला, आणि बारक्याने ते खरंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून चष्मेवाल्याचा फोन काउंटरवर, काचेच्या वर ठेवलेला होता. गिऱ्हाईक आलं की तो बाजूला सरकवायचा, गेलं की पुन्हा मध्ये घ्यायचा. वहिनीची सुट्टी होती म्हणून ती दुकानात बसली होती. दुपारी फोन वाजला तो तिच्या पर्समधला.

"पोचलास का रे?" ती म्हणाली. "जेवलास? खोली कशी आहे? खिडकी आहे ना?" ती बराच वेळ ऐकत राहिली, एकदा हसली, कोण शेजारी आहे ते विचारलं, उशी आहे का ते विचारलं. चष्मेवाला एक फ्रेम हातात घेऊन उभा होता. फ्रेमची एक काडी सैल होती आणि ती घट्ट करायचं काम त्याने थांबवलं होतं.

"देऊ का यांच्याकडे?" वहिनीने फोनमध्ये विचारलं.

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. वहिनी "बरं," म्हणाली, मग "बरं बरं, नंतर बोल," म्हणाली, आणि फोन पर्समध्ये ठेवून तिने पर्सची चेन लावली.

"पोचला," ती म्हणाली. "तुम्हाला सांग म्हणालाय."